पाच महिन्यांचं बाळ "पोहायला शिकलं" म्हणे!

शहापूरची माई
काल एका ताईंनी फोटो टाकला. पाच महिन्यांचं लेकरू, डोक्यावर पिवळी टोपी, बाप कमरेएवढ्या पाण्यात. खाली लिहिलंय, "पाण्याची भीती जन्मजात नसते, आपण घालतो. आमचं पिल्लू पाचव्या महिन्यात पोहायला शिकलं! तुम्ही कधी नेताय?" त्यावर बदामांचा पाऊस. मला राहवलं नाही म्हणून लिहिते.

ताई, ते शिकलेलं नाही, त्याला पाण्यात धरलंय. पाच महिन्यांचं पोर जेमतेम मान सावरतं. तोंडावर पाणी आलं की श्वास रोखतं, ती हुशारी नव्हे. ती उपजत खोड, सहा महिन्यांनंतर ओसरत जाते. आणि "तुम्ही कधी नेताय" कशाला? उद्या तुमचं बघून चार जणी तान्ही पोरं घेऊन येतील, बरोबर काय आणायचं ते न विचारता.

मागच्या एप्रिलात नातवाला घेऊन बुटक्या तलावावर, म्हणजे लहान पोरांच्या उथळ तलावावर गेले होते. एका बाईनं बाळाला साध्याच डायपरवर पाण्यात बसवलं. डायपर फुगून उशी झाली, शिवण उसवली, आणि आतले दाणे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पाण्यावर पसरले. नातू ओंजळीत धरून म्हणतो, "आजी, खिचडी." शिट्टी वाजली, सगळी पोरं बाहेर. त्या बाळाचे ओठ जांभळे पडलेले आणि आई म्हणते, "मजा येतेय त्याला, बघा कसा थरथरतोय!"

घरच्या टबात काय हवं ते करा. सार्वजनिक पाणी सगळ्यांचं असतं.

टिळकवाडीची_लेक
तो फोटो माझा. नाव न घेता टोमणे मारण्यापेक्षा सरळ मला विचारायचं होतंत.

पोहण्याचा डायपर होता, त्यावर घट्ट चड्डी होती. दुपारी साडेतीनला गेलो, सकाळी सहाला नव्हे. दहा मिनिटांत बाहेर काढलं, टॉवेलात गुंडाळलं, दूध पाजलं. दुसऱ्या कुणाचा डायपर फुटला तो माझ्या माथी का?

आणि हौस म्हणून नेलं नाही. माझा मामा मलप्रभेत गेला. गणपती विसर्जनाला, गुडघाभर पाणी म्हणून उतरला आणि पुढं डोह होता. त्यानंतर आजीनं आमच्या घरात कुणालाच पाण्याजवळ जाऊ दिलं नाही. मी एकोणतिसाव्या वर्षी पोहायला शिकले, कठडा धरून, आठ-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत. माझं पोर तसं वाढणार नाही. "शिकलं" हा शब्द चुकला असेल. बाकी काही चुकलं नाही.

खानापूरचा_आण्णा
काय तुमी लोकं भांडूलालासा! आमच्या बानं मला सा वर्षांचा असताना भोपळा बांधून विहिरीत ढकलला. दोन दिस भोपळा, तिसऱ्या दिवशी भोपळा सोडला. झालं शिकून. डायपर न्हाई, टोपी न्हाई, तिकीट न्हाई. आताच्या पोरास्नी पाण्यात घालायला पयला डाक्टरला इचारायचं!

शहापूरची माई
आण्णा, भोपळा सोडल्यावर जी वर आली नाहीत ती पोरं इथं लिहायला येत नाहीत.

खानापूरचा_आण्णा
वैनी, हे मातर लागलं. आमच्या गल्लीतलाच एक गेलावता. बरं, गप बसतो.

मास्तर_वडगाव
मुळात बेळगावात नेणार कुठं? आम्ही गेल्या महिन्यात नातीला घेऊन गेलो, सात महिन्यांची. आईनं छान मालिश करून दिली होती, नवा फ्रॉक, नवी टोपी. दारातच अडवलं. गार्ड एकच म्हणतोय, "बोर्ड नोडी, बोर्ड नोडी." म्हणजे बोर्ड बघा. बोर्ड अख्खा कन्नडात! मराठी एक अक्षर नाही. लहान मुलांना बंदी असेल तर ती आम्हाला कळेल अशा भाषेत लिहा. पैसे घेताना बरं मराठी कळतं.

निपाणीकर_८१
मास्तर, अगदी बरोबर बोललात. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हा नियम काय आजचा आहे? २०२४ साली कर्नाटकानं पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा कायदा केला. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी बसत नाही का? तिथं इंग्रजी घालतात. पोहण्याचा तलाव असो नाहीतर दवाखाना, आपण आपल्याच गावात परके.

कॅम्पातला
आला विषय! डायपरपासून सीमाप्रश्नापर्यंत पोहोचायला तुम्हाला पाच प्रतिसाद लागले. अहो, बेळगाव महाराष्ट्रात घ्यायचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत मास्तरांची नात लग्नाला येईल. तोवर कन्नड वाचायला शिकला असता तर? सत्तर वर्षं इथं राहता.

निपाणीकर_८१
"शिकला असता तर?" हे तुम्ही आम्हाला सांगता? मला कन्नड बोलता येतं, बाजारात रोज बोलतो. प्रश्न येण्याचा नाही, हक्काचा आहे. तुमच्यासारख्या लोकांमुळेच पोरांच्या मराठी शाळेत पटावर आता बोटावर मोजण्याइतकी नावं उरलीत.

कॅम्पातला
तुमची स्वतःची पोरं कुठल्या माध्यमात आहेत, तेवढं सांगा. थांबतो.

निपाणीकर_८१
वैयक्तिक जाऊ नका.

कॅम्पातला
म्हणजे इंग्रजी.

शहापूरची माई
बाळाला पाण्यात न्यायचं की नाही, हा विषय होता. कुणाच्या लक्षात असेल तर.

पोरांचा_डॉक्टर
ओपीडी संपली, बोलतो. दोन्हीकडचं अर्धं-अर्धं बरोबर आहे, त्यामुळे दोघी माझ्यावर चिडणार.

तान्ह्याला पाण्यात नेऊच नये असं नाही. ब्रिटनची आरोग्यसेवा तर लसी पूर्ण होईपर्यंत थांबायची गरज नाही असंच सांगते. पण सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर पाणी साधारण ३२ अंश हवं. आपल्याकडच्या उघड्या तलावात पाणी तापवत कुणी नाही. डिसेंबर-जानेवारीत तर विचारच करू नका, बेळगावची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. बाळाचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर गार होतं. थरथर सुरू व्हायच्या आधी बाहेर काढायचं, नंतर नव्हे.

पोहणं शिकवण्याचं म्हणाल तर अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना आधी चार वर्षांच्या आत शिकवणीची शिफारस करत नसे. २०१० मध्ये तिनं ती अट सैल केली, आणि आता पहिल्या वाढदिवसानंतर शिकवणीचा उपयोग होऊ शकतो असं सांगते. एक वर्षाच्या आत शिकवून बुडण्याचा धोका घटतो, याला पुरावा नाही. तिथंही आई-बाप हाताच्या अंतरावर पाहिजेतच. म्हणजे पाच महिन्यांचं बाळ पाण्यात खेळलं, छान. त्यामुळे ते वाचेल असं मानू नका.

आता दुसरी बाजू. पोहण्याचा डायपर घट्ट शी अडवतो, जुलाब अडवत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही आठवडाभर तग धरतो. त्या जंतूनं जुलाब झालेलं पोर बरं झाल्यावरही दोन आठवडे तलावात नको. आणि तो उग्र वास, "वा, भरपूर क्लोरीन घातलंय" म्हणून आपण खूश होतो ना? तो बहुतेक वेळा क्लोरीननं घाम-मूत्राशी झटापट केल्याचा वास असतो.

टिळकवाडीची_लेक
डॉक्टर, ३२ अंश मोजायचे कसे? तलावावर थर्मामीटर मागितला तर हसतील.

पोरांचा_डॉक्टर
आंघोळीच्या पाण्याचा तरंगता थर्मामीटर मिळतो, तो न्या. नाहीतर स्वतः दहा मिनिटं पाण्यात न हलता बसून बघा. तुम्हाला गारठलं तर बाळाला नकोच.

खानापूरचा_आण्णा
आमच्या विहिरीत मे म्हैन्यात बी हातपाय आखडत्यात. ३२ अंश म्हंजे च्या न्हवं का!

कॅम्पातला
मास्तर, आज मुद्दाम जाऊन आलो. तुम्ही म्हणता तो बोर्ड उभं राहून अख्खा वाचला. लहान मुलांना बंदी असं त्यात कुठंही नाही. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्या, नायलॉनचाच पोशाख घाला, आणि तिसरी ओळ: "मैगे एण्णे हच्चिकोंडु नीरिगे इळियबारदु." अंगाला तेल लावून पाण्यात उतरू नये. गार्ड तुम्हाला तेच दाखवत होता. नातीला मालिश करून आणली होतीत ना? "छान मालिश" असं तुम्हीच वर लिहिलंय.

मास्तर_वडगाव
…

तेल अर्ध्या तासापूर्वी लावलं होतं. पुसलं होतं.

शहापूरची माई
मास्तर! खोबरेल की तीळ?

मास्तर_वडगाव
खोबरेल. आणि हो, थोडं चकाकत होतं पोर. पण माझा मुद्दा तोच राहतो. मराठीत लिहिलं असतं तर मी तिथंच नळाखाली धुऊन नेलं असतं. तिकिटाचे पैसे आणि रिक्षाचं भाडं, दोन्ही वाया गेलं. एका ओळीसाठी.

निपाणीकर_८१
तेच तर म्हणतोय मी सकाळपासून!

कॅम्पातला
बरं बुवा, मान्य. तीन ओळी मराठीत लिहायला रंगाचा डबा रिकामा होत नाही. लेखी अर्ज करा, मी सही करतो. कन्नडमधून करतो, चालेल?

निपाणीकर_८१
चालेल. खाली मराठी भाषांतर जोडा.

टिळकवाडीची_लेक
माई, पोस्टमधलं "पोहायला शिकलं" बदलून "पाण्यात खेळलं" केलंय. बदाम कमी झाले नाहीत. तुमच्या त्या डायपरवाल्या बाईंबद्दल मात्र मी माफी मागणार नाही, मी त्यांना ओळखतही नाही.

शहापूरची माई
माफी मागितलीय कुणी. डायपर कुठल्या दुकानात मिळाला ते सांग. धाकट्या सुनेचं आता आठ महिन्यांचं होईल, ती ऐकायला तयार नाही. आणि बुटका तलाव सोमवारी रिकामा करून घासतात, तिकीट देणाऱ्यानं सांगितलं. मंगळवारी दुपारी नेणार आहोत. तू येणार असशील तर तो तरंगता थर्मामीटर घेऊन ये.