'नज'ला मराठीत काय म्हणावे? कोपरखळी, टोचणी की वळण

प्रश्न
वाहतूक धोरणावरचा एक लेख मराठीत आणतो आहे. लोकांनी गाडी सोडून बसने, सायकलने किंवा पायी जावे यासाठी वर्तनशास्त्र कसे वापरतात, हा विषय. 'नज'पाशी अडलो, म्हणजे सक्ती न करता लोकांना एखाद्या पर्यायाकडे हलकेच झुकवणे. मूळ अर्थ कोपराने हलकेच ढोसणे, म्हणून 'कोपरखळी' लिहिले. एकाला वाचून दाखवले तर त्याला वाटले, सरकार प्रवाशांना टोमणे मारते आहे. शिवाय 'सस्टेनेबल मोबिलिटी'साठी लिहिलेली 'शाश्वत गतिशीलता' ग्रहगोलांविषयी वाटते.

प्रतिसाद
कोपरखळी आता शब्दांनीच मारतात, कोपर त्यातून केव्हाच निघून गेले. 'टोचणी' मनाला लागते, ती नको. 'रेटा' तर फारच झाला. अर्थतज्ज्ञ थेलर आणि कायद्याचे अभ्यासक सनस्टीन यांनी २००८ मध्ये 'नज' रूढ केला तो अटींसह: कुठलाही पर्याय बंद करायचा नाही, पैशाचे गणित फारसे हलवायचे नाही, बदलायची ती पर्यायांची मांडणी. मी 'वळण' म्हणेन. रस्त्यालाही असते, माणसालाही.

प्रतिसाद
'वळण लावणे' म्हटले की समोर मूल उभे राहते. लावणारा मोठा, लागणारा लहान. प्रौढ प्रवाशाला वळण लावायला निघालेले धोरण मला तरी रुचणार नाही. (टीकाकारांचा आक्षेप नेमका हाच असतो, तेव्हा शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवा.) 'वर्तणूक'चेही तेच, ती दाखल्यावर चांगली किंवा वाईट म्हणून येते. तुम्ही 'वर्तन' घेतलेत ते बरे केलेत.

पण 'अंगवळणी पडणे' मात्र सोडू नका. त्यात कोणी काही ठरवत नाही, गोष्ट आपली आपण पडते. रोजचा प्रवास असाच असतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवस संप झाला. काही स्थानके बंद राहिली, लोकांनी नाइलाजाने दुसऱ्या वाटा धरल्या. संप मिटल्यावर अभ्यासकांनी पाहिले तर साधारण विसांत एक प्रवासी नव्या वाटेवरच राहिला होता. म्हणजे जुनी वाट त्यांच्या सोयीची नव्हतीच, दुसरी धुंडाळायची वेळ आली नव्हती इतकेच. इथे कोणी कोणाला ढोसले नाही. अंगवळणी पडलेले मोडले. घर किंवा नोकरी बदलली की हेच होते, म्हणून नव्या जागी आलेल्यांना बसचा पास देऊन पाहण्याचे प्रयोग झाले आहेत. 'हॅबिट'ला नुसते 'सवय' लिहिलेत तर यातले निम्मे निसटेल.

प्रश्नकर्ता
पटले. पण लेखात स्टॉकहोमचा गर्दी-कर (शहराच्या मध्यभागात गाडीने ये-जा करताना भरायचा) 'नज' म्हणून दिला आहे. तिथे काय लिहू?

प्रतिसाद
'कर'च लिहा! पैसे घेतले की ते 'नज' राहत नाही, लेखक घसरला आहे. २००६ मध्ये जानेवारी ते जुलै हा कर प्रायोगिक होता, मध्यभागात ये-जा करणाऱ्या गाड्या सुमारे २० टक्क्यांनी घटल्या. वर्तनाची गंमत पुढे आहे. आधी विरोध मोठा होता, पण करून पाहिल्यावर मत फिरले, सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने होकार दिला आणि २००७ मध्ये कर कायम झाला. याला 'सरावणे' चालेल.

प्रश्नकर्ता
सरावले की पटले?

प्रतिसाद
दोन्ही असावे. मोकळे रस्ते डोळ्यांना दिसत होतेच की. आता 'मोबिलिटी'. 'वाहतूक' वाहण्यातून आली, तिच्यात गाडी आणि माल आधी डोळ्यांपुढे येतो, चालणारा माणूस येतच नाही. 'ये-जा'त तो येतो. 'टिकाऊ ये-जा' मात्र नको, चपलेसारखे वाटते. 'निसर्गाला पेलेल अशी ये-जा'. लांब आहे, पण कळते.

प्रश्नकर्ता
मग 'नज'ला 'हलके वळण' लिहितो, 'लावणे' टाळून. 'डिफॉल्ट' तेवढे राहिले. तिकिटाच्या ॲपमध्ये एक पर्याय आपण न निवडताच निवडलेला असतो, तो.

प्रतिसाद
'आधीच टिक केलेला'. लोक तसेच म्हणतात.