शनिवारी टॅव्हर्नला जायचंय ना? मी काल जाऊन आलो

मी: काल संध्याकाळी त्या कोपऱ्यावरच्या टॅव्हर्नला जाऊन आलो. शनिवारी सगळ्यांनी मिळून जायचं चाललंय, म्हणून म्हटलं आधी चव बघून येऊ. एक साधा चीज बर्गर घेतला आणि थेट नळातून पेल्यात देतात ती फिकट लागर बिअर. दोन्ही मनापासून आवडलं. सविस्तर लिहितो.

ताई: एकटाच गेलास? एक फोन करायचास, आले असते की मी.

मी: ताई, तू आलीस की गप्पांत रमतो मी. काल मला नीट बघायचं होतं.

भाचा: मामा, साधा बर्गर का घेतलास? तिथे डबल पॅटीवाला आहे, वर अंडं, तळलेल्या कांद्याच्या रिंगा, तीन सॉस. मी फोटो बघितलाय. मी तोच घेणार.

मी: घे ना. पण नव्या ठिकाणी मी पहिल्यांदा सगळ्यात साधी वस्तू मागवतो. पाव, पॅटी, चीज, कांदा, बस. तीन सॉस आणि रिंगा आल्या की पॅटी कशी आहे ते कळतच नाही. फिकट लागरचंही तेच. गडद बिअरमध्ये किंवा भरपूर हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) बिअरमध्ये बारीकसारीक दोष पचून जातात, फिकट लागरमध्ये त्यांना लपायला जागाच नसते. या दोन गोष्टी ज्याला जमल्या, त्याच्याकडे बाकी काहीही बिनधास्त मागवावं.

दादा: मुद्द्याचं सांग. पॅटी कशी होती?

मी: दादा, मी मुद्दाम काउंटरजवळ बसलो होतो, तवा समोरच होता. आचाऱ्याने खिम्याचा गोळा घेतला, नुसता सैलसर, मळलेला वगैरे नाही. तापलेल्या तव्यावर टाकला आणि लगेच जड सपाट दाबणीने एकदाच दाबला. चर्रर्र आवाज झाला आणि मग त्याने हातच लावला नाही. मीठ टाकलं ते दाबून झाल्यावर, वरून. दोनेक मिनिटांनी पातळ धारदार उलथन्याने तव्याला चिकटलेलं सगळं खरवडून पॅटी उलटली. कडा अगदी जाळीसारख्या, गडद तपकिरी. मग चीज, आणि त्याच्या आजूबाजूला वितळलेल्या चरबीतच पाव आतल्या बाजूने भाजून घेतला. ते बघूनच मला भूक लागली.

वहिनी: भावोजी, मी घरी खिम्यात मीठ घालून चांगलं मळून ठेवते. तुम्ही म्हणता तसं वरून घालायचं असतं का? माझ्या पॅटी नेहमी चिवट होतात.

मी: वहिनी, चिवटपणा त्यानेच येतो. मिठामुळे मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन सुटं होतं आणि मळताना ते एकमेकांना धरून ठेवतं. सॉसेजला ती पकड हवीच असते, म्हणून तिथे मीठ आधी घालून मळतात. बर्गर मात्र दाताखाली भुसभुशीत सुटायला हवा. खिमा गार ठेवा, हाताने कमीत कमी हाताळा, आणि मीठ तव्यावर टाकतानाच. शिवाय खिम्यात २० टक्के तरी चरबी हवी. अगदी बिनचरबीचा खिमा कोरडाच होतो, काही केलं तरी.

वहिनी: आणि दाबायचं नसतं असं ऐकलं होतं. रस निघून जातो म्हणून.

मी: पहिल्या अर्ध्या मिनिटात दाबलं तर चालतं, तेव्हा आतली चरबी वितळलेली नसते. नंतर दाबलं की ती बाहेर येते आणि तव्यावरच राहते. काही ठिकाणी शिजत आलेल्या पॅटीवर उलथनं दाबून चर्र आवाज काढतात. ऐकायला छान, पण ताटात सगळा कोरडेपणा येतो.

दादा: मधे गुलाबी ठेवून मागता येतो का?

मी: खिम्याच्या बाबतीत मी ते टाळतो, दादा. मांसाच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू बाहेरच्या बाजूला असतात, ते भाजताना मरतात. खिमा करताना बाहेरचं आत जातं. म्हणून खिम्याची पॅटी आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला पोचली पाहिजे, कोंबडीची असेल तर ७४. इथली पॅटी पातळ आहे, ती आतपर्यंत शिजतेच, आणि तरी रसाळ राहते. त्यामुळे प्रश्नच येत नाही.

भाचा: मामा, तो तपकिरी रंग जळल्याचा नसतो ना?

मी: नाही रे. जळणं वेगळं. मांसातली अमिनो आम्लं आणि साखर साधारण १४० अंशांच्या पुढे एकमेकांशी झटपट जुळतात आणि त्यातून शेकडो नवे वास नि चवी तयार होतात. लुई-कामी माईयार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली हे पहिल्यांदा मांडलं. आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे: बिअरलाही रंग तसाच येतो. बार्लीला मोड आणतात, मग गरम हवेत वाळवतात, भाजतात, की झालं माल्ट. तिथेही हीच क्रिया. जितकं भाजणं जास्त तितकं माल्ट गडद. म्हणून तांबूस बिअरचा घोट आणि खरपूस पॅटीचा घास एकत्र इतके चांगले लागतात. दोघांत पावाच्या भाजक्या कडेसारखी एकच चव असते. शनिवारी मुद्दाम लक्ष देऊन बघ.

दाजी: आता बिअरवर या राव.

मी: येतो दाजी. पेला समोर आला तेव्हा मी आधी काचेकडे बघितलं. पेल्याच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर काच स्वच्छ नाही, कुठेतरी तेलकटपणा किंवा साबण राहिलाय. इथे एकही चिकटलेला नव्हता, सगळे सरळ वर जात होते. वर दोन बोटं पांढरा दाट फेस. प्यायलो तसतशी प्रत्येक घोटाची एक गोल रेघ काचेवर उमटत गेली, खाली जाईपर्यंत पाच-सहा रेघा. अशा रेघा दिसल्या की पेला नीट धुतलाय असं समजायचं.

ताई: फेस म्हणजे बिअर कमी देतात असं मला वाटायचं.

मी: फेस हवाच गं. बार्लीतली प्रथिनं आणि हॉप्समधला कडू अंश मिळून तो धरून ठेवतात, आणि बिअरचा बराचसा वास त्यातूनच येतो. आणि एक गंमत सांगतो. बर्गरचा घास खाऊन मी तसाच घोट घेतला, तर ओठ लागले तिथला फेस बघता बघता विरला. चरबी फेसाची वैरी. पुढच्या वेळी रुमालाने ओठ टिपून घोट घेतला, तर फेस शेवटपर्यंत टिकला.

वहिनी: मागे आम्ही एका ठिकाणी गेलो होतो तिथल्या बिअरला चक्क लोण्यासारखा वास होता. मी म्हटलं तर म्हणाले ती तशीच असते.

मी: वहिनी, तुमचं नाक बरोबर होतं. तो लोण्यासारखा वास ज्याचा असतो त्याला डायअसिटिल म्हणतात. यीस्ट ते तयार करतं आणि पुरेसा वेळ दिला तर स्वतःच परत शोषूनही घेतं. घाई करून बिअर बाहेर काढली की वास राहतो. काही इंग्लिश एल (बिअरचा दुसरा मोठा प्रकार) आणि चेक लागरमध्ये अगदी पुसट असेल तर चालतो. पण नळाच्या बिअरला तो भपकन येत असेल तर बहुतेकदा पिंपापासून नळापर्यंतच्या नळ्या धुतलेल्या नसतात, आत जिवाणू वाढलेले असतात. या नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवायच्या असतात. मी काल काउंटरवरच्या मुलाला सरळ विचारलं. तो म्हणाला, एक सोमवार सोडून एक, आणि मागे टांगलेली तारखांची वही दाखवली. असं विचारायला लाजू नये. जो नीट काम करतो त्याला सांगायला आनंदच होतो.

दाजी: मला एकदम बर्फगार लागते, फ्रीजरमधला पेला हवा.

मी: दाजी, एवढ्या एका बाबतीत माझं ऐका. गोठवलेल्या पेल्यात बिअर ओतली की बर्फाच्या कणांवर ती उगाच फसफसते, आणि ते वितळलं की पाणी मिसळतं. शिवाय जीभ बधिर झाली की माल्टची चव जाते. लागर ४-५ अंशांना छान, एलला त्याहून थोडं कमी गार चालतं. इथे पेला गार पाण्याने विसळून देतात. तेवढं पुरतं.

भाचा: लागर आणि एलमध्ये फरक काय? मी आयपीए घेणार आहे, ती भरपूर हॉप्सवाली एल.

मी: यीस्टचा फरक. एलचं यीस्ट साधारण १५ ते २४ अंशांत काम करतं, म्हणून फळांसारखे वास येतात. लागरचं यीस्ट ७ ते १३ अंशांच्या थंडीत सावकाश काम करतं आणि मग बिअर आठवडेच्या आठवडे गारव्यात ठेवून देतात. जर्मनमध्ये लागर म्हणजे साठवणूकच. आज जगभर जी सोनेरी लागर मिळते तिची सुरुवात १८४२ सालची, बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, प्लझेन गावची. योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन ब्रूअरने फिकट माल्ट, तिथलं मृदू पाणी आणि झात्सचे हॉप्स वापरून ती केली. त्याआधी बिअर बहुतेक गडद आणि गढूळच असायची.

आयपीए चांगली निवड आहे, हॉप्सचा कडवटपणा चरबी कापतो. पण तिखट सॉसवाला बर्गर घेऊ नकोस तिच्यासोबत. मिरचीची आग अल्कोहोलने आणि बुडबुड्यांनी आणखी भडकते. आणि ती ७ टक्क्यांची आहे. ३३० मिलीच्या एका पेल्यात २३ मिली अल्कोहोल, ५ टक्क्यांच्या लागरमध्ये १६-१७. तेव्हा लागरच्या वेगाने पिऊ नकोस.

भाचा: ओके मामा. आणि बर्गर शोधला कोणी?

मी: त्यावर अमेरिकेत अजून भांडणं आहेत. नाव जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरावरून आलं, एवढं खरं. न्यू हेवनचं लुईज लंच नावाचं हॉटेल १९०० सालचा दावा सांगतं आणि आजही टोस्टच्या दोन कापांमध्ये देतं. पण स्वस्त, झटपट बर्गर घराघरात पोचवला तो १९२१ साली विचिटामध्ये सुरू झालेल्या व्हाइट कॅसल या हॉटेलांच्या साखळीने.

आत्या: मी सगळं वाचतेय हं. पण मी मांस खात नाही आणि पीतही नाही. मी काय येऊन बसू नुसती?

मी: आत्या, तुझ्यासाठी आधीच विचारून आलोय. राजमा आणि मशरूमची पॅटी आहे आणि ती वेगळ्या पॅनवर करतात, मांसाच्या तव्यावर नाही. मी स्वतः बघितलं. फक्त ती दाबू नका असं सांगू, तिच्यात धरून ठेवणारं मांसाचं प्रथिन नसतं, ती फुटते. आणि बिनअल्कोहोलची बिअर आहे. ती दोन तऱ्हांनी करतात: एक तर आंबवणं मधेच थांबवतात, नाहीतर पूर्ण बिअर करून कमी दाबाखाली कमी उष्णतेवर अल्कोहोल काढून घेतात. बऱ्याच देशांत ०.५ टक्क्यापर्यंत बिनअल्कोहोलची म्हणतात. तुला तेवढंही नको असेल तर ०.० लिहिलेली बाटली आहे, मी नाव बघून ठेवलंय.

आत्या: ०.० वाली. आणि मग गाडी मीच चालवते, तुम्ही निवांत बसा.

ताई: वा आत्या! बाहेरच्या अंगणातली टेबलं धरूया का? ऊन छान असतं संध्याकाळी.

मी: ताई, बाहेर चालेल पण छत्रीखाली. उन्हात पेला ठेवला की काही मिनिटांत हॉप्समधला कडू अंश प्रकाशाने फुटतो आणि एक घाणेरडा, जंगली प्राण्यासारखा वास येतो. बाटल्या तपकिरी असतात त्या त्यासाठीच. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेत हे चटकन होतं.

ताई: बरं, मग आतच बसू.

दादा: सात जणांचं टेबल सांगून ठेव. साडेसहा.

मी: सांगतो. आणि पहिली फेरी सगळ्यांनी साधीच घ्यायची, नंतर ज्याला जे हवं ते.

भाचा: मी अर्धा साधा खातो, अर्धा तुला. मग माझा डबल.

मी: चालेल.

आत्या: मला काउंटरजवळची खुर्ची ठेव रे. तो खिमा दाबतो ते बघायचंय मला, खाणार नसले तरी.