मदत हवी आहे: मुंबई ते फ्रँकफर्ट, केबिनमधून छोटा कुत्रा न्यायचा आहे

रानजाई, 5 जून

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली झाली, ऑगस्टअखेरीस फ्रँकफर्टला राहायला जायचंय. सोबत आमचा शिह त्झू, वय 3 वर्षं, वजन 6.6 किलो. लुफ्तान्साचं थेट विमान, 28 ऑगस्टची तिकिटं काढली आहेत, पण कुत्रा सोबत आहे हे अजून त्यांना कळवलेलं नाही. रेबीजची लस 14 मार्चला झाली, मायक्रोचिप 2 मे, टायटरसाठी (रक्तात रेबीजविरुद्ध किती अँटिबॉडी आहे ते मोजणारी चाचणी) रक्त 20 मे. रिपोर्ट यायचाय. चपट्या नाकाचा असल्याने त्याला विमानाच्या पोटात ठेवायचं नाही. पुढे काय काय करायचं आणि गडबड कुठे होते, जाणकारांनी कृपया सांगावं.

घारापुरी

रानजाई, तारखांचा क्रम चुकलाय. युरोपीय संघाच्या नियमात चिप आधी आणि लस नंतर. एकाच दिवशी दोन्ही केलं तरी चालतं, पण आधी चिप. लस टोचली तेव्हा अंगात चिप नव्हती, तर लस याच कुत्र्याला दिली हे कागदावर सिद्ध होत नाही. त्यामुळे 14 मार्चची लस धरली जाणार नाही, आणि तिच्या आधारावर घेतलेला टायटरही बाद. रिपोर्टमध्ये आकडा कितीही चांगला आला तरी.

आता असं करा. डॉक्टरांकडे आधी स्कॅनरने चिप वाचून घ्या. 15 अंकी, आयएसओ 11784 आणि 11785 प्रमाणातली हवी. मग लगेच रेबीजची लस. लसीच्या पुस्तिकेत चिपचा क्रमांक, चिप बसवल्याची तारीख, लसीचं नाव, कंपनी, बॅच क्रमांक, मुदत कधीपासून कधीपर्यंत, हे सगळं असायला हवं. आपल्याकडे बरेचदा नुसतं स्टिकर आणि सही असते, त्यावर काम भागत नाही.

लसीनंतर किमान 30 दिवसांनी टायटरचं रक्त. परवा 7 जूनला लस दिलीत तर 10 जुलैला रक्त घ्या, दोन-तीन दिवस जास्तीचे असू देत. अँटिबॉडी 0.5 आययू प्रति मिली किंवा जास्त हवी. रक्त घेतल्याच्या तारखेपासून पूर्ण 3 महिने थांबायचं, रिपोर्टच्या तारखेपासून नाही. म्हणजे 10 ऑक्टोबरच्या आधी त्याला जर्मनीत प्रवेश नाही. कागद अपुरे निघाले तर कुत्रा परत पाठवतात किंवा मालकाच्या खर्चाने विलगीकरणात ठेवतात. 28 ऑगस्टचा हट्ट धरू नका.

रानजाई

मनापासून धन्यवाद. वाचून हात गार पडले, पण विमानतळावर कळण्यापेक्षा आत्ता कळलं हे बरं. नवऱ्याला 1 सप्टेंबरला रुजू व्हायचंय. तो पुढे गेला आणि मी ऑक्टोबरात कुत्र्याला घेऊन गेले तर?

घारापुरी

चालेल, पण मग सगळ्या कागदांवर मालक म्हणून तुमचंच नाव हवं, पासपोर्टवर आहे अगदी तसं. कुत्रा आणि मालक यांच्या प्रवासात 5 दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर तो खाजगी प्रवास धरत नाहीत, व्यापारी वाहतुकीचे कडक नियम लागतात. कागदांवर नवऱ्याचं नाव असेल आणि तो ऑगस्टमध्ये गेला असेल तर तिथे अडकाल. चिपच्या नोंदणीतही आत्ताच बदल करून घ्या.

सोनसाखळी

टायटरबद्दल दोन गोष्टी. लॅब युरोपीय संघाच्या मान्यताप्राप्त यादीतलीच हवी. ‘आमची लॅब बाहेर पाठवते’ एवढ्यावर विसंबू नका, कोणत्या लॅबला पाठवते ते नाव यादीत स्वतः शोधा. आणि पाठवायचं ते सीरम, अख्खं रक्त नव्हे. रक्त गोठल्यावर सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) वरचा पिवळसर, स्वच्छ भाग वेगळा काढतात, साधारण 1 मिली लागतो. लालसर दिसला तर पेशी फुटलेल्या आहेत, नमुना नाकारला जाऊ शकतो. नळीवर चिपचा क्रमांक लिहिला जाईपर्यंत टेबलापासून हलू नका. पंधरापैकी एक अंक चुकला तर रिपोर्ट दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो.

लस देऊन बरेच महिने झाल्यावर रक्त घेतलं तर अँटिबॉडी उतरलेली असू शकते, म्हणून 30 ते 45 दिवसांच्या मधे घेणं चांगलं. एकदा पास झालेला टायटर पुढेही चालतो, मात्र दरवर्षीचा बूस्टर मुदतीच्या आत द्यायचा. एक दिवसाचा खंड पडला तरी पुन्हा पहिल्यापासून.

मोचेमाडकर

आता वजनाचं बघा. लुफ्तान्साची मर्यादा कुत्रा आणि बॅग मिळून 8 किलो. बॅग मऊ, न गळणारी, जास्तीत जास्त 55 गुणिले 40 गुणिले 23 सेंमी. चांगली बॅग 1.2 ते 1.4 किलो भरते, आत पॅड आणि पांघरूण धरून आणखी 200 ग्रॅम. तुमचं गणित 8.2 पर्यंत जातंय. चार महिने हातात आहेत, डॉक्टरांना विचारून हळूहळू 6.2 वर आणा. उपाशी ठेवून नव्हे, बिस्किटं आणि वरचं खाणं बंद करून. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात दाट केस कापून घ्या, थोडे ग्रॅम तिथेही वाचतात आणि त्याला उकडत नाही.

उंची 23 सेंमी ही खरी अडचण. त्याला बॅगेत उभं राहून वळता आलं पाहिजे. काउंटरवर बघतात. वरचा भाग किंचित दबणारी बॅग घ्या आणि आजपासून घरात उघडी ठेवा, जेवणाचं भांडं आत सरकवा. बॅगेची चेन लावून आधी 5 मिनिटं, मग अर्धा तास, मग गाडीतून फेरी. जो कुत्रा बॅगेत स्वतःहून झोपतो त्याला विमानात त्रास कमी.

तारीख बदलताना कुत्र्याची जागाही तेव्हाच मागा. एका विमानात केबिनमधे मोजकेच प्राणी घेतात. आपत्कालीन दाराजवळची आणि सगळ्यात पुढच्या भिंतीसमोरची सीट मिळत नाही, कारण बॅग पुढच्या सीटखाली ठेवायची असते. थेट विमान सोडून आखातातून जायचा विचार करू नका. एमिरेट्स आणि कतारच्या केबिनमधे साधा पाळीव कुत्रा घेत नाहीत.

सोनसाखळी

शेवटचे दहा दिवस सगळ्यात धावपळीचे. युरोपीय संघाच्या नमुन्यातलं आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्याच्या सहीचं लागतं, आपल्याकडे ते ॲनिमल क्वारंटाइनच्या कार्यालयातून मिळतं, मुंबईत आहे. सही झाल्यापासून 10 दिवसांच्या आत जर्मनीत पोहोचायचं. कुत्र्याला प्रत्यक्ष दाखवावं लागतं, म्हणून शनिवार-रविवार आणि सणाच्या सुट्ट्या आधी बघून वेळ घ्या. ऑक्टोबर म्हणजे दसरा-दिवाळीची गडबड.

प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच उभं राहून तपासा: प्रत्येक पानावर शिक्का, लागू नसलेल्या ओळी खोडलेल्या, चिपचा क्रमांक सर्वत्र सारखा, टायटर रिपोर्टची साक्षांकित प्रत जोडलेली, प्रवास व्यापारी नसल्याच्या घोषणापत्रावर तुमची सही. घरी येऊन चूक सापडली तर दुरुस्तीला दिवस उरत नाही.

कोकणकडा

रानजाईताई, तुमच्या धाग्यात घुसतोय, माफ करा. आम्हाला मुंबईहून नेवार्कला जायचंय, हेच नियम का?

घारापुरी

नाही, अमेरिकेचे वेगळे. 1 ऑगस्ट 2024 पासून भारतासारख्या रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशातून येणारा, इथेच लस घेतलेला कुत्रा किमान 6 महिन्यांचा हवा, सीडीसीचे (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) अर्ज हवेत, सीडीसीमान्य लॅबचा टायटर हवा आणि विमानतळावरच्या नोंदणीकृत प्राणी केंद्रात आधीच आरक्षण. असं केंद्र जिथे आहे तिथेच उतरता येतं: न्यूयॉर्कचं जेएफके चालतं, नेवार्क नाही. तिकीट काढायच्या आधी हे बघा.

मोचेमाडकर

रानजाई, निघायच्या दिवसाचं. शेवटचं हलकं जेवण विमानाच्या 5-6 तास आधी, पाणी थोडं थोडं चालू. गुंगीचं औषध देऊ नका. त्याने रक्तदाब उतरतो, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्याची श्वासनलिका सैल पडली तर केबिनमधे काही करता येत नाही. फारच घाबरट असेल तर डॉक्टरांशी बोलून सौम्य औषध आधी घरी एकदा देऊन बघा.

ऑनलाइन चेक-इन होत नाही, 4 तास आधी पोहोचा. सुरक्षा तपासणीत बॅग एक्स-रेमधून जाते आणि कुत्रा तुमच्या कडेवर. धातूची कडी असलेला पट्टा आधीच काढा, पण हातात साधा कापडी पट्टा गुंडाळून ठेवा. तिथल्या गोंगाटात कुत्रा हातातून उडी मारतो. विमानात बॅगेची चेन उघडायची नाही, जाळीतून बोट आत ठेवा, तेवढ्याने तो शांत होतो.

उतरायच्या आधी उरलेला चिकनचा खाऊ, पनीर, चीज सगळं टाकून द्या. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, कुत्र्याचा खाऊही त्यातच आला. फ्रँकफर्टला सामान घेतल्यावर हिरव्या नाही, लाल वाटेने जा आणि कागद स्वतःहून कस्टम्सपुढे ठेवा. तिथून बाहेर पडल्यावर पहिल्या झाडापाशी त्याला भरपूर वेळ द्या.

रानजाई

सगळं वहीत उतरवून घेतलं. परवा सकाळी दहाची वेळ घेतलीय, स्कॅनर आहे का ते फोनवर विचारून ठेवलंय. पुस्तिका नवीन मागू की जुन्यातच लिहून घेऊ?

सोनसाखळी

नवीन मागा, मालक म्हणून तुमचं नाव घालून. जुनी फेकू नका, पण 14 मार्चची नोंद नव्या पुस्तिकेत उतरवू देऊ नका. अधिकारी चिपच्या आधीची लस बघून गोंधळतात.