जुनाट दुखण्यानंतर पुन्हा व्यायामाच्या क्लासला : तुमचे अनुभव लिहा

दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. ज्यांनी ते वर्षानुवर्षं काढलंय त्यांना ठाऊक आहे की तेवढ्या काळात हालचालीची धास्तीही अंगात मुरते. वाकायचं नाही, उचलायचं नाही, जिना टाळायचा. मग स्नायूंतली ताकद जाते आणि साध्या कामानेही दुखणं उचल खातं. हे चक्र मला घरी एकटीने चटईवर तोडता आलं नाही, चार जणांबरोबर क्लासमध्ये आलं. म्हणून हा धागा काढतेय. काय झेपलं, काय झेपलं नाही, क्लास कसा निवडलात, सगळं बारकाव्यानिशी लिहा. 'हळूहळू करा' एवढ्याने कुणाचंच भागत नाही.

माझी कंबर, आणि डाव्या पायात पोटरीपर्यंत उतरणारी कळ. फिजिओथेरपीचे व्यायाम संपल्यावर पुढे काय, या प्रश्नावर माझ्या थेरपिस्टने गटाचा क्लास सुचवला. उपचारांबद्दल सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ साली जुनाट दुखण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्या दुखण्यामागे दुसरा आजार सापडत नाही, त्यासाठी देखरेखीखाली गटाने करायच्या व्यायामाची त्यात स्पष्ट शिफारस आहे, हेही तिनेच सांगितलं.

पहिल्या दिवशी स्क्वॉट आले आणि मी उभीच राहिले. ट्रेनरने काही न बोलता मागे खुर्ची आणून ठेवली, वर एक जाड उशी. उशीला टेकायचं आणि लगेच उठायचं. मागे आधार आहे हे कळल्यावर श्वास सुटला, मांड्या काम करायला लागल्या. तोवर सगळा भार मी कमरेत आवळून धरला होता. पुढे उशी गेली, मग खुर्चीच्या जागी बुटकं स्टूल आलं. बाजूच्या बाई वजन घेऊन करत होत्या, मी स्टुलावर. व्यायाम दोघींचाही तोच होता, आणि मला धीर आला तो यानेच.

*

माझे गुडघे झिजलेत. डेन्मार्कमध्ये २०१३ साली गुडघे आणि खुब्यांच्या झिजेसाठी 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम सुरू झाला, आता तो इतर देशांतही चालतो. आमचा वर्ग त्याच पद्धतीचा. आधी माहितीची सत्रं, मग आठवड्यातून दोनदा व्यायाम. तिथे शिकलेली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे दुखण्याचा आकडा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना पाचपर्यंत गेलं तर चालतं, फक्त २४ तासांत ते नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी भार कमी, पण व्यायाम बंद नाही.

हा हिशोब कळेपर्यंत गुडघा जरा बोलला की मी आठवडाभर बसून असायचो. आता स्टेपवर चढताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतोय का, आत वळतोय का, तेवढंच आरशात बघतो. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. जिना मात्र कठड्याला न धरता चढतो.

*

सगळेच क्लास असे नसतात, म्हणून लिहितेय. मान आणि खांद्याचं दुखणं घेऊन मी एका क्लासला गेले. नाव घेत नाही. तिथे 'दुखतंय म्हणजे काम होतंय' असं ओरडून सांगत. मध्ये थांबलं की सगळ्यांसमोर नाव पुकारत. दुसऱ्या दिवशी हाताला मुंग्या, मान वळेना. डॉक्टरांकडे जावं लागलं आणि पुढे बराच काळ क्लास या शब्दाचीच भीती बसली.

आता बघते ते एकच : न विचारता थांबता येतं का? जिथे थांबायला परवानगी लागते तिथे मी जात नाही, मग ट्रेनर कितीही शिकलेला असो.

*

वरच्या ताईंना दुजोरा. आणि नव्याने येणाऱ्यांसाठी एक भर : खूप दिवसांनी व्यायाम केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू दुखतातच. ते दुखणं बोथट असतं, ज्या स्नायूंनी काम केलं तिथेच असतं, दोन्ही बाजूंना सारखं असतं, आणि काही दिवसांत जातं. विजेसारखी चमक, मुंग्या, बधिरपणा हे वेगळं. हा फरक ओळखू यायला लागला तेव्हा माझी निम्मी भीती गेली.

*

फायब्रोमायाल्जिया आहे, म्हणजे अंगभर दुखणं आणि थकवा. जमिनीवरच्या क्लासमध्ये मी टिकले नाही, पाण्यातल्या क्लासमध्ये टिकले. छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम एक तृतीयांश भार येतो. पाणी कोमट असेल तर आखडलेलं अंग सैल होतं. हात पाण्याखाली सावकाश फिरवला तर सोपं, जोरात फिरवला तर जड, म्हणजे भार किती घ्यायचा ते आपल्याच हातात.

आमच्यासारख्यांना खरा धोका बऱ्या दिवसाचा असतो. अंग हलकं वाटतं, राहून गेलेलं सगळं आजच करावंसं वाटतं, आणि पुढचे दिवस अंथरुणात. म्हणून बऱ्या दिवशीही ठरलेल्या वेळी पाण्यातून बाहेर येते. इतर जण अजून पाण्यात असतात तेव्हा पायऱ्या चढणं जिवावर येतं, अजूनही येतं.

*

मला क्लास मानवला नाही. विषाणूजन्य तापानंतरचा थकवा होता, अंगदुखीही होती. क्लासमध्ये बरं वाटायचं, एक-दोन दिवसांनी मात्र पूर्ण कोलमडायचो. श्रमानंतर असं उशिरा कोसळणं हे एमई-सीएफएस या दीर्घ थकव्याच्या आजाराचं मुख्य लक्षण आहे, आणि त्यात ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेणं 'नाइस'नेच २०२१ साली नाकारलं. तेव्हा 'मन घट्ट कर, जमेल' असं कुणाला म्हणण्याआधी त्याला दोन दिवसांनी काय होतं ते विचारा.

*

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. धागा काढलाच आहे तर हेही नोंदवते : कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, यातलं काहीही झालं तर क्लास-बिस राहू द्या, त्याच दिवशी इस्पितळ गाठा. ताप किंवा कारणाशिवाय घटणारं वजन असेल तरीही आधी डॉक्टर.

*

मी क्लास घेते. दुखणं सांगितलं तर घेणार नाहीत, या भीतीने लोक ते लपवतात. मग मी सगळ्यांना सांगते तोच प्लँक (हात आणि पायाची बोटं जमिनीला टेकून अंग ताठ धरणं) तेही करतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. सुरू होण्याआधी दोन मिनिटं येऊन बोललात तर तोच प्लँक भिंतीला हात टेकून देता येतो. रिपोर्ट दाखवू नका, मला त्यातलं निदान करायचं नसतं. कोणती हालचाल नकोशी होते आणि कशाने बरं वाटतं, एवढं कळलं तरी खूप.

*

गेले काही दिवस हे सगळं वाचतेय, आज लिहायचा धीर केला. मानेचं आणि पाठीचं दुखणं, बरीच वर्षं काहीही केलेलं नाही. येत्या सोमवारी पहिला क्लास. ट्रेनरला सांगायचं कागदावर उतरवलंय : हात डोक्याच्या वर धरून ठेवता येत नाहीत, पालथं झोपता येत नाही, चालून बरं वाटतं, आणि मी अर्ध्या तासाने निघणार आहे. यात अजून काही घालायला हवं का?