‘सिन्स फाइव्ह इयर्स’ला मुलाखतीत फुली मारावी का?

साताराकर
आमच्याकडे मुलाखतीला आलेला मुलगा म्हणाला, ‘आय ॲम वर्किंग सिन्स फाइव्ह इयर्स.’ पॅनेलमधल्या एकाने तिथेच नावापुढे फुली मारली. कामात मुलगा पक्का होता. आपल्याकडे असंख्य लोक असंच बोलतात आणि ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) ऑक्सफर्डच्या शब्दकोशात गेला, मग यालाच एवढा विरोध का?

व्याकरणवाली
प्रीपोन नवा शब्द आहे, त्याने कुठला फरक पुसला नाही. इथे पुसला जातोय. सिन्सपुढे सुरुवात येते: सिन्स २०१९, सिन्स मंडे. फॉरपुढे कालावधी: फॉर फाइव्ह इयर्स. शिवाय काम अजून चालू आहे, म्हणून ‘हॅव बीन वर्किंग’ हवं. अनुभव सांगताना हे पहिलंच वाक्य असतं हो, ते तरी नीट यावं.

रानपाखरू
मराठीत ‘२०१९पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’, दोन्ही चालतं. जर्मनमध्येही ‘झाइट’ दोन्हीकडे लागतं, वर क्रियापद साध्या वर्तमानात. म्हणजे मुलगा ढ नाही, आपल्या भाषेच्या वळणाने बोलतोय.

व्याकरणवाली
त्याच भाषेत आपण ‘गेली पाच वर्षं’ही म्हणतो, ‘गेलं २०१९’ म्हणत नाही. जिथे ‘गेली’ बसतं तिथे फॉर. आठवीच्या पोरांनाही हे एका तासात समजतं. शिकवायचंच नाही आणि वर ‘आपली इंग्रजी’ म्हणायचं, हा मुलांवर अन्याय आहे.

दुबईस्थित
सिन्सने निदान अर्थ बिघडत नाही. ‘आय ॲम कमिंग फ्रॉम कोल्हापूर’ने बिघडतो. विमानतळावर ‘व्हेअर आर यू कमिंग फ्रॉम?’ विचारलं तर बहुधा कुठल्या विमानाने आलात ते हवं असतं, आणि ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ला तुम्ही कुठले ते. मस्कतहून आलेला माणूस पहिल्यालाच कोल्हापूर सांगतो आणि समोरचा गोंधळतो. मराठीत ‘कोल्हापूरचा’ आणि ‘कोल्हापूरहून’ यात आपण कधी गल्लत करतो का?

साताराकर
‘कमिंग फ्रॉम’चं पटलं, तिथे हटकायलाच हवं. सिन्सवरून नोकरी नाकारणं मात्र मला मुळीच मान्य नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीतल्या बोलण्याच्या परीक्षेतसुद्धा व्याकरण हा चारांतला एक निकष. ओघ, शब्दसंपत्ती आणि उच्चार यांनाही तेवढंच वजन.

व्याकरणवाली
तिथला परीक्षक प्रशिक्षित असतो. क्लायंट पहिल्या ई-मेलवरून मत बनवतो. मुलाला घ्या, जरूर घ्या, पण पहिल्याच आठवड्यात कुणीतरी शेजारी बसून त्याचं हे वाक्य दुरुस्त करा.