क्विकसँडमध्ये माणूस खरंच पूर्ण बुडतो का?

निरंजन:
पिक्चरमध्ये कायम बघत आलोय, क्विकसँडमध्ये म्हणजे त्या रुतवणाऱ्या वाळूत पाय पडतो, माणूस हळूहळू गळ्यापर्यंत जातो, मग नुसता हात वर दिसतो आणि खल्लास. खरंच असं होतं का? मुलगी सारखी विचारतेय आणि तिला काहीतरी ठोकून द्यायचं नाहीये.

मृण्मयी:
वाळू काही वेगळी नसते हो, पाण्याचा खेळ आहे सगळा. खालून पाणी वर येत असेल किंवा निचरायला जागाच नसेल तर कण एकमेकांवर नीट टेकत नाहीत, त्यात थोडी चिकणमाती असेल तर वरून अगदी टणक वाटतं, पण पाय पडला की रचना मोडते आणि सगळं पातळ होतं. मग वाळू खाली बसते आणि पायाभोवती घट्ट आवळते. पूर्ण बुडत नाही मात्र. २००५ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात डॅनियल बॉन वगैरे अ‍ॅमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांचा शोधनिबंध आला होता, या वाळूची घनता पाण्याच्या साधारण दुप्पट आणि आपलं शरीर जवळपास पाण्याइतकंच, त्यामुळे कमरेपर्यंत गेलं की माणूस तरंगायलाच लागतो.

दर्यावर्दी:
बुडत नाही म्हणजे धोका नाही असं मात्र मुलीला कृपया सांगू नका!! अडकून पडणं हाच धोका आहे, कारण अशी वाळू बरेचदा खाडीत, नदीच्या मुखाशी असते आणि तिथे भरती कोणासाठी थांबत नाही. इंग्लंडमधल्या मोरकॅम्ब बेमध्ये ओहोटीला वाळूवरून चालत जातात, पण त्यासाठी राजाने नेमलेला वाटाड्या असतो, शेकडो वर्षांची पद्धत आहे ती. आणि दोरी बांधून जोरात खेचू नका, त्याच शोधनिबंधात म्हटलंय की पाय झटकन उपसायला एक मोटार उचलण्याइतका जोर लागतो.

निरंजन:
बापरे. मग 'जितकं धडपडाल तितका पाय खोलात' म्हणतात ते बरोबरच की? कर्जाबद्दल बोलताना पण लोक हेच म्हणतात.

मृण्मयी:
अर्धं बरोबर. जोरात हातपाय मारले तर वाळू आणखी पातळ होते आणि तुम्ही खाली जाता, पण अजिबात हलायचं नाही हेही चूक. पाठीवरची सॅक काढून टाकायची, मागे रेलायचं, वजन पसरवायचं आणि पाय अगदी थोडे थोडे हलवत राहायचं, म्हणजे फटीत पाणी शिरून पकड सुटते. वेळ लागतो, घाई करायची नाही. आणि भरतीची वेळ असेल तर पहिल्या मिनिटालाच मदतीसाठी फोन करायचा, आधी स्वतः प्रयत्न करून बघू असं नको.