नोटपॅडमधील एआयची सोय: दस्तांच्या कामात ठेवावी की बंद करावी?

कृष्णाकाठ (सांगली)
आमच्या टंकलेखन केंद्रात खरेदीखते, बक्षीसपत्रे व प्रतिज्ञापत्रे यांचे मसुदे तयार होतात. पक्षकारांकडून व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर आम्ही प्रथम विंडोजमधील नोटपॅड या साध्या लेखन-साधनामध्ये चिकटवतो, कारण तेथे फॉन्ट, रंग, तक्ते असे सारे गळून केवळ अक्षरे उरतात, आणि मगच तो वर्डमध्ये नेतो. विंडोज ११ च्या अपडेटनंतर याच नोटपॅडमध्ये पुनर्लेखन, सारांश आणि नवा मजकूर लिहून देण्याच्या सोयी दिसू लागल्या आहेत. आमच्या कामात त्या ठेवाव्यात काय? नुसती फाईल उघडल्याने मजकूर बाहेर जातो काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अजिंक्यतारा (सातारा)
दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. फाईल उघडल्याने किंवा टाईप केल्याने मजकूर एआयकडे जात नाही. आपण मजकूर निवडून आज्ञा दिली की तो प्रक्रियेसाठी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जातो आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करावे लागते. कोपायलट प्लस वर्गातील (एआयसाठी खास चिप असलेल्या) संगणकांवर हे काम यंत्रातच करण्याची सोय २०२५ मध्ये आली, पण ती इंग्रजीपुरती. तरीही जेथे एका यंत्रावर चौघे आळीपाळीने बसतात, तेथे ते बटण नसलेलेच बरे. वर उजव्या कोपऱ्यातील दातेरी चाकाच्या चिन्हावरून सेटिंग्ज उघडावीत; तेथे कोपायलट, म्हणजे ही एआयची सोय, बंद करता येते.

हळदपेठ (सांगली)
सरसकट बंद करण्याचा सल्ला मला पटत नाही. परपेठेतील व्यापाऱ्यांना हळदीच्या नमुन्यांविषयी इंग्रजीत पत्रे लिहिताना, विशेषतः थकलेल्या रकमेची आठवण करून देताना, भाषा सौम्य करून घेण्यासाठी ही सोय आम्हाला उपयोगी पडते. मराठी दस्तांचा प्रश्न निराळा असेल.

दस्तनोंद (कराड)
निराळा आहेच. चतुःसीमेत, म्हणजे मिळकतीच्या चारही बाजूंच्या हद्दींत, ‘पश्चिमेस गाडीवाट’ असे असताना वाक्य सफाईदार करण्याच्या नादात ‘पश्चिमेस रस्ता’ झाले, तर वाचणाऱ्याला खटकणारही नाही आणि पुढे बांधावरच्या भांडणात तोच शब्द वकिलांच्या हाती लागेल. दस्तात ‘सदर मिळकत’ हे शब्द पुनःपुन्हा येतात ते हेतुपुरस्सर असतात. पुनर्लेखनाला ती द्विरुक्ती वाटण्याचा संभव आहे.

नोटपॅडमध्ये बदलच नकोत, असे मात्र मी म्हणणार नाही. २०१९ पासून नवी फाईल आपोआप यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठीसह सर्व लिप्यांची अक्षरे साठवणाऱ्या पद्धतीत, जतन होऊ लागली. त्यापूर्वी सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) बदलायचे राहिले आणि आलेली सूचना दुर्लक्षून पुढे गेले, की मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटे. आपल्या दृष्टीने मोठी सुधारणा ती होती. १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून चालत आलेल्या या साधनाकडून, दिलेले अक्षर जसेच्या तसे ठेवणे एवढीच माझी अपेक्षा आहे. विंडोजमधील वर्डपॅड हे मांडणीच्या सोयी असलेले लेखन-साधन २०२४ मध्ये काढून टाकल्यावर त्याचीही कामे नोटपॅडवर लादली जात आहेत, असे माझे मत आहे.

अजिंक्यतारा (सातारा)
जुने नोटपॅडच हवे असल्यास विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप एक्झिक्युशन एलियासेस’ या यादीत नोटपॅडसमोरील बटण बंद करावे आणि मग रन चौकटीतून (विंडोज व R या कळा एकत्र दाबून) नोटपॅड उघडावे. मात्र त्यात टॅब नाहीत, आणि जतन न केलेला मजकूर पुन्हा उघडल्यावर परत मिळण्याची नव्या नोटपॅडमधील सोयही नाही. आपल्या केंद्रात वीज वारंवार जात असेल, तर नवेच ठेवून त्यातील कोपायलट बंद करणे अधिक सोयीचे ठरेल.